एका कॉलमची गोष्ट: शिकागो, बेसबॉल आणि तीन दफनभूमी

बेसबॉलच्या इतिहासाचं संमेलन असतं असं ऑफिसात सांगितलं, तेव्हा निम्म्या लोकांनी "म्हणजे तिथे नक्की करतात काय?" असं विचारलं. उरलेल्यांनी "त्यासाठी सुट्टी मिळाली?" असं विचारलं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत :)

तर मंडळी, अमेरिकेत 'सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च' नावाची एक संस्था आहे. १९७१ साली कूपर्सटाउन गावात सोळा माणसांनी एकत्र येऊन ती काढली. संस्थेचं लाडकं नाव 'सेबर'. 'मनीबॉल' सिनेमा पाहिला असेल तर त्यातली ती आकडेमोड आठवत असेल. त्या शास्त्राला सेबरमेट्रिक्स म्हणतात ते या संस्थेच्या नावावरूनच. २०२३ च्या जुलैमध्ये संस्थेचं ५१ वं संमेलन शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात भरलं. मी तेव्हा नेपरव्हिलला होतो, म्हणजे मेट्राची ट्रेन पकडली की थेट डाउनटाउन. न जाण्याला काही कारणच नव्हतं.

वातावरण आपल्या साहित्य संमेलनासारखंच. एका हॉलमध्ये पुस्तकांचे स्टॉल, दुसऱ्यात परिसंवाद, आणि कॉरिडॉरमध्ये ज्यांची पाठ फिरताच बाकीचे हसतात असे दोन-तीन तज्ज्ञ. फरक एवढाच की इथे भांडणं अध्यक्षपदावरून होत नाहीत, १८८७ सालच्या एखाद्या स्कोअरवरून होतात. बहुतेक मंडळी हौशी. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी वकील, कुणी डॉक्टर. संध्याकाळी घरी जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म चाळणारी माणसं ही.

मी या वाटेला लागलो तो डेटाबेसमुळे. एसक्यूएल शिकताना सरावासाठी 'लाहमन डेटाबेस' फुकट मिळतो. त्यात बेसबॉलच्या प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक सीझन १८७१ पासून आहे. बॅटिंगच्या टेबलमध्ये लीगसाठी एक कॉलम असतो. दोन-दोन अक्षरांचे कोड, बस. आपण त्यावर ग्रुप बाय करतो आणि पुढे जातो. पण ते कोड कुणी ठरवले? कुठली लीग 'मेजर' आणि कुठली नाही, हे काही आकाशातून पडत नाही.

ठरवलं ते पाच जणांच्या एका समितीने, १९६८-६९ मध्ये. मॅकमिलनचा जाडजूड बेसबॉल विश्वकोश निघायचा होता. त्याचा डेटा कॉम्प्युटरवर चढवायचा म्हणजे आधी नियम हवेत. समितीने सहा लीग 'मेजर' ठरवल्या. त्यात १८८४ सालची युनियन असोसिएशनसुद्धा आहे, जी एकच सीझन टिकली आणि जिच्यातले कित्येक संघ मधेच गाशा गुंडाळून गेले. कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीग्ज मात्र या समितीपुढे चर्चेलासुद्धा आल्या नाहीत. कुणी विरोध केला नाही, कुणी मत मागितलं नाही. विषयच नव्हता. पुढची ५१ वर्षं विक्रमांच्या अधिकृत याद्या या निर्णयावर चालल्या.

हे डोक्यात ठेवून मी संमेलनाच्या आधी-मधे शिकागो पालथं घातलं. एरवी पाहुणे आले की आपण त्यांना मिलेनियम पार्कात 'बीन' दाखवतो आणि १८९३ साली विवेकानंद बोलले ते ठिकाण म्हणून आर्ट इन्स्टिट्यूटला नेतो. दोन्ही पामर हाउसपासून चालत पाच-दहा मिनिटांवर. मी या वेळी निघालो दफनभूमी बघायला. (घरी फोनवर हे सांगितलं नाही.)

पहिली ग्रेसलँड, उत्तरेला, रिगली फील्डच्या पुढच्या स्टेशनजवळ. इथे विल्यम हल्बर्टची कबर आहे. १८७६ साली नॅशनल लीग उभी करणारा हा शिकागोचा व्यापारी. कबरीवरचा दगड चक्क बेसबॉलच्या चेंडूच्या आकाराचा, त्यावर शिवणीसुद्धा कोरलेली. त्याच आवारात अर्नी बँक्स आहे, शिकागो कब्जचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तो संघात आला १९५३ साली. हल्बर्टची लीग ते बँक्स, मधे ७७ वर्षं. दोघांच्या कबरी एकाच कुंपणात आहेत, चालायला काही मिनिटं पुरतात.

मग रेड लाइनने दक्षिणेला, ३५ व्या रस्त्याच्या स्टेशनवर. व्हाइट सॉक्सचं सध्याचं स्टेडियम १९९१ चं. जुनं कॉमिस्की पार्क पाडून तिथे पार्किंग केलंय, पण होम प्लेट जिथे होती तिथे खूण ठेवली आहे. लोक तिथे उभं राहून फोटो काढतात, मीही काढला. तिथून थोडं दक्षिणेला, ३९ वा रस्ता आणि वेंटवर्थचा कोपरा. आता तिथे सरकारी घरांची वसाहत आहे. पूर्वी तिथे रूब फॉस्टरच्या शिकागो अमेरिकन जायंट्सचं मैदान होतं.

फॉस्टर हे अफाट प्रकरण. आधी नावाजलेला पिचर, मग मॅनेजर, मग मालक. त्याने १९११ साली हा संघ उभा केला. शिकागो तेव्हा झपाट्याने बदलत होतं. दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं इथे येत होती; १९१० साली शहरात त्यांची संख्या सुमारे ४४ हजार होती, १९२० मध्ये १ लाख ९ हजार झाली. जुलै १९१९ मध्ये मिशिगन तलावात पोहणारा एक कृष्णवर्णीय मुलगा 'गोऱ्यांच्या' किनाऱ्याकडे वाहत गेला, त्याला दगड मारले गेले, तो बुडाला. त्यावरून पेटलेल्या दंगलीत ३८ माणसं मेली. त्यानंतर सात महिन्यांत, फेब्रुवारी १९२० मध्ये, फॉस्टरने कॅन्सस सिटीत बाकीच्या मालकांना एकत्र बसवून निग्रो नॅशनल लीग काढली. पुढे १९३३ पासून कॉमिस्की पार्कात 'ईस्ट-वेस्ट' हा त्यांचा ऑल-स्टार सामना सुरू झाला. १९४३ च्या सामन्याला पन्नास हजारांवर प्रेक्षक होते. ज्या लीग्जना पुढे समितीने विचारातही घेतलं नाही, त्यांचा हा एका सामन्याचा गल्ला!

दुसरी दफनभूमी ओक वूड्स, अजून दक्षिणेला. इथे कॅप अॅन्सन आहे. एकोणिसाव्या शतकातला शिकागोचा सगळ्यात मोठा खेळाडू. १८८३ साली टोलेडोच्या संघात फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू आहे म्हणून तो मैदानात उतरायला तयार नव्हता. गल्ल्यातला वाटा मिळणार नाही म्हटल्यावर उतरला. १८८७ पर्यंत मात्र वारं पूर्ण फिरलं आणि एकेक दार बंद होत गेलं. याच आवारात केनेसॉ माउंटन लँडिस आहे. १९१९ च्या ब्लॅक सॉक्स घोटाळ्यानंतर बेसबॉलचा कमिशनर झालेला हा न्यायाधीश. १९२० ते १९४४ त्याची कारकीर्द, आणि तेवढ्या काळात मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. आणि याच ओक वूड्समध्ये लिंचिंगविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स आहेत, जेसी ओवेन्स आहे, शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन आहेत. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात एवढे विरोधक एका पानावर सापडत नाहीत.

गंमत बघा, अॅन्सनच्या हिट्सचा आकडा आजही एक नाही. कुठे ३००० च्या जरा वर, कुठे ३४०० च्या वर. १८८७ चा विचित्र नियम, आणि १८७१-७५ ची लीग धरायची की नाही, यावर ते अवलंबून. म्हणजे अॅन्सनसाठी लोक दीडशे वर्षं हिशोब तपासतायत.

तिसरी जागा शहराबाहेर, अॅल्सिप उपनगरातली बर ओक. जिमी क्रचफील्ड हा निग्रो लीग्जमधला गाजलेला आउटफिल्डर १९९३ साली वारला. त्याच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. पिओरियाचे भूलतज्ज्ञ डॉ. जेरेमी क्रॉक यांचं कुटुंब क्रचफील्डच्याच गावाकडचं. त्यांनी सेबरच्या मंडळींना सांगितलं, पैसे गोळा झाले आणि २००४ मध्ये बर ओकमध्ये तीन खेळाडूंच्या कबरींवर दगड बसले. तेव्हापासून हे काम देशभर चालू आहे. रिकामी जागा शोधायची, नोंद तपासायची, नाव भरायचं. आपल्या भाषेत, नल व्हॅल्यूज साफ करायच्या.

आकड्यांचंही तसंच झालं. हौशी लोकांनी वर्तमानपत्रांतून एकेक बॉक्स स्कोअर शोधला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीग्जना 'मेजर' मानलं. मे २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत यादीत आले आणि जॉश गिब्सन ०.३७२ च्या सरासरीने पहिला आला. टाय कॉबचा ०.३६७ चा विक्रम मागे पडला. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला, जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरण्याच्या तीन महिने आधी.

यावर आक्षेप येतो की त्यांचे सीझन छोटे, साठ-ऐंशी सामन्यांचे. तुलना कशी करायची? मुद्दा तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. पण कोविडमुळे २०२० चा मेजर लीग सीझनही साठच सामन्यांचा झाला, आणि तो कुणी यादीतून काढला नाही. शिवाय सीझन छोटे का होते? मोठी मैदानं दुसऱ्यांच्या मालकीची, आणि पोट भरायला गावोगाव प्रदर्शनी सामने खेळावे लागायचे म्हणून. ज्या कारणाने दार बंद केलं, त्याच कारणाने आकडे कमी पडले, आणि मग कमी आकडे हाच दार बंद ठेवायचा पुरावा!

आपल्याला हे अगदीच परकं नाही. फॉस्टरने संघ काढला त्याच १९११ साली पुण्यात घडलेले पळवणकर बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर ११४ विकेट घेत होते. हिंदू संघाचे सगळ्यात मोठे गोलंदाज. चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात, आणि कप्तानपद कधीच नाही. त्यांच्या विकेट निदान मोजल्या तरी गेल्या.

बर ओकमधल्या त्या तीन दगडांतला एक जॉन डोनाल्डसनचा आहे. हा पिचर मुख्यतः लहान गावांतून फिरत खेळला. संशोधकांनी गावोगावची वर्तमानपत्रं उकरून त्याचे चारशेच्या वर विजय आणि पाच हजारांच्या वर स्ट्राइकआउट शोधलेत. त्यातले बहुतेक सामने कुठल्याच लीगचे नाहीत, त्यामुळे नव्या यादीतही ते बसत नाहीत. सीमा सरकली आहे, पण ती अजून आहेच. बर ओकच्या गवतात उभं राहिलं की तो दगड सहज दिसतो. डेटाबेसमध्ये मात्र डोनाल्डसनच्या नावापुढे जेमतेम काही ओळी आहेत. मायक्रोफिल्म चाळणारी मंडळी कामाला लागलेली आहेतच. कुणाला एखादा वीकेंड रिकामा असेल तर त्यांना माणसं हवी आहेत, आणि बेसबॉल खेळता येण्याची अट नाही.