अपेक्षाभंग कोणाचा? क्रिकेट, पैसा आणि आपण

'हे आता देशासाठी खेळत नाहीत, पैशासाठी खेळतात.' भारतीय क्रिकेट संघ एखादी मोठी स्पर्धा हरला की हे वाक्य आमच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात चहाच्या टपरीपासून महाविद्यालयाच्या आवारापर्यंत सर्वत्र ऐकू येते. माझ्या वर्गातली मुलेही ते म्हणतात, आणि ऊसतोड कामगारांच्या घरांतून व दलित वस्त्यांतून आलेली मुले त्यात मागे नसतात. त्यांचा राग खोटा नाही. परंतु या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, पूर्वी कधीतरी हा संघ सर्व देशाचा होता. दोन, पैशाने तो बिघडवला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही दोन्ही गृहीतके तपासून पाहावीशी वाटतात. कारण ज्या समाजाला 'आपला' या शब्दातून शतकानुशतके वगळले गेले, त्याने 'आपला संघ' हे शब्द न तपासता उच्चारणे बरे नव्हे.

प्रथम पैसा नव्हता तो काळ पाहू. ब्रिटिशांनी इथे आणलेल्या क्रिकेटचा आदर्श 'हौशी' खेळाडूचा होता. जो पैसे घेतो तो धंदेवाईक, म्हणून तो खालच्या दर्जाचा, अशी ही नीती. ज्याच्या घरी जमीन, वतन किंवा संस्थान आहे त्यालाच फुकट खेळणे परवडते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. या व्यवस्थेत चर्मकार समाजातला पालवणकर बाळू हा तरुण पुण्याच्या क्रिकेट क्लबात शिरला तो मजूर म्हणून. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, रेघा आखणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्याचे काम होते. पगार आधी महिना ३ रुपये, मग ४ रुपये. या चार रुपयांच्या नोकरीतून भारतातला त्या काळचा सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. तो पगार नसता तर बाळूच्या हाती चेंडू आलाच नसता. पैसा खेळाला भ्रष्ट करतो असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आमच्यासाठी मैदानाचे फाटक प्रथम उघडले ते मजुरीने.

पुण्यातील हिंदू खेळाडूंना जिंकायचे होते, म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतले. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत होता, त्याचा कोणाला विटाळ झाला नाही. चहाच्या वेळी मात्र बाळूला तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंच्या संघाने मुंबईत युरोपियनांचा पराभव केला, तेव्हा बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम दोघेही त्या संघात होते. सुधारकांना त्या विजयात जातिभेद मोडण्याची चाहूल लागली. १९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूने त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधार होते पतियाळाचे महाराज, जे मोजकेच सामने खेळले. घाम गाळणारा एक आणि नेतृत्व दुसऱ्याकडे, ही वाटणी आपल्या परिचयाची आहे.

पुढेही तीच परंपरा चालली. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांना मिळाले होते. पहिल्या कसोटीत त्यांनी ते सी. के. नायडूंकडे सोपवले, एवढे तारतम्य त्यांनी दाखवले. १९३६ मध्ये विजयानगरमच्या महाराजकुमारांनी तेही दाखवले नाही. त्यांनी तीन कसोटींत मिळून ३३ धावा केल्या आणि लाला अमरनाथसारख्या खेळाडूला दौऱ्याच्या मध्यावर घरी पाठवले गेले. तेव्हा लिलाव नव्हते, जाहिराती नव्हत्या. तरीही पैसा होताच. तो खेळाडूला मिळत नव्हता इतकेच. तो कर्णधारपद मिळवण्याच्या कामी येत होता. ज्या सुवर्णकाळासाठी आज हळहळ व्यक्त होते तो असा होता.

आता अपेक्षाभंगाकडे वळू. आमच्या इतिहासात त्याचा सर्वांत मोलाचा प्रसंग १९२० सालचा आहे. हे वर्ष आपण 'मूकनायक'चे आणि माणगाव परिषदेचे वर्ष म्हणून ओळखतो. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत चौरंगी सामने होते. हिंदू संघाचे कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. ज्येष्ठतेने व कर्तृत्वाने नेतृत्वावर बाळूचा अधिकार होता. निवड समितीने त्याला संघातूनच वगळले आणि कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिले. देवधर मोठे फलंदाज होते, यात शंका नाही. परंतु प्रश्न त्यांच्या फलंदाजीचा नव्हताच. बाळूचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. जातीमुळे अन्याय होतो आहे, हे त्यांनी उघड सांगितले. वृत्तपत्रांतून वाद झडला. अंतिम सामन्यासाठी पै परतले तेव्हा बाळूला उपकर्णधार करावे लागले, भाऊ परत आले आणि पै यांनी काही काळ मैदानाबाहेर राहून बाळूला नेतृत्व करू दिले. लढा तिथे संपला नाही. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवले आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले.

या प्रसंगात चाहत्यांच्या आणि खेळाडूंच्या निराशेला निश्चित स्वरूप होते. तिला अन्याय कोणता ते ठाऊक होते, अन्याय करणारी समिती कोणती ते ठाऊक होते आणि मागणी काय करायची तेही ठाऊक होते. म्हणून तिने फळ दिले. रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या ग्रंथामुळे हा इतिहास इंग्रजी वाचकांसमोर नव्याने आला. परंतु विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ पासून मराठीत आहे. ते आमच्या अभ्यासक्रमांत का आले नाही, याचे उत्तर मराठी साहित्याच्या प्रस्थापित अभिरुचीने द्यावे.

दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे, कारण तो आपल्याच नायकाविषयीचा आहे. तरुण वयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बाळूच्या पराक्रमाचे कौतुक होते. १९३२ मध्ये मात्र बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधकांत उभे राहिले. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. लढत चुरशीची झाली. याचा अर्थ बाळूंविषयीचे प्रेम खरे होते. तरीही बाबासाहेबांच्या मागे उभ्या राहिलेल्या कामगार वस्त्यांनी मैदानावरचा नायक आणि हक्कांचा प्रतिनिधी यांत फरक केला. त्यांनी बाळूंच्या घरावर दगड फेकले नाहीत, त्यांची गोलंदाजी खोटी ठरवली नाही. त्यांनी मत दुसऱ्याला दिले. चाहता प्रौढ होतो म्हणजे काय होते, हे मला त्या मतमोजणीत दिसते.

या दोन प्रसंगांच्या कसोटीवर आजचा संताप लावून पाहावा. १९८३ साली विश्वचषक जिंकलेल्या संघाला बक्षीस देण्यासाठी क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांच्या गाण्याच्या कार्यक्रमातून ते उभे राहिले. त्यानंतर दूरचित्रवाणी आली, बाजार आला. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर उपांत्य सामना हरताना प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. २००० मध्ये सामनेनिश्चितीचे प्रकरण उघडकीस आले आणि विश्वासाला खरा तडा गेला. २००७ च्या मार्चमध्ये संघ बांगलादेश व श्रीलंका यांच्याकडून हरून विश्वचषकाबाहेर पडला, तेव्हा पुतळे जळाले आणि रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची नासधूस झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संघ वीस षटकांचा विश्वचषक जिंकला आणि सगळा राग विरघळला. पुढल्या एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झाले तेव्हा पुतळे जाळणारेच पडद्यासमोर बसले होते. या रागाला मागणी नव्हती, म्हणून तो विकत घेणे बाजाराला सोपे गेले.

या निराशेची एक बाजू आपण तरी दुर्लक्षू नये. पराभवाची किंमत सर्व खेळाडू सारखी मोजत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताचा महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला. त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करणाऱ्या वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर काही सवर्ण तरुणांनी फटाके उडवले. संघात दलित फार झाले म्हणून संघ हरला, असे ते म्हणत असल्याची तक्रार कुटुंबाने केली. या मुलींना कोणी कोट्यवधी रुपये दिले नव्हते. म्हणजे ज्या रागाला आपण 'पैशावरचा राग' म्हणतो, तो पैसा नसतानाही उफाळतो आणि नेमका जातीचा पत्ता शोधत येतो.

मग या श्रीमंत खेळाडूंकडे आपण कसे पाहावे? आमच्याच जिल्ह्यातले दोघे घेऊ. जहीर खानचा जन्म श्रीरामपूरचा. त्याने कसोटीत ३११ बळी घेतले आणि २०११ च्या विश्वचषकात २१. अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. ॲडलेडला ३६ धावांत संघ कोसळल्यानंतर त्याच्या नेतृत्वाखाली भारताने २०२०-२१ ची ऑस्ट्रेलियातील मालिका २-१ ने जिंकली. हे दोघे संस्थानिकांची मुले नव्हेत. त्यांना पैसे मिळाले तर मला त्यात गैर वाटत नाही. चार रुपयांच्या पगारापासून सुरू झालेल्या वाटेवर ते योग्यच आहे. मला खुपते ते वेगळे. जहीर तरुणपणीच मुंबईला गेला आणि रहाणे डोंबिवलीत वाढला. जिल्ह्यात राहून त्यांना हे साधले असते का? जो मुलगा मुंबईला जाऊ शकत नाही, ज्याची आई-वडिलांबरोबर दर दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर रवानगी होते, त्याचे काय? २०१८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तील एका लेखाने दाखवले की तोवरच्या जवळजवळ २९० पुरुष कसोटीपटूंपैकी दलित म्हणून ज्ञात असलेले अवघे चार आहेत. पालवणकर बंधूंनंतर शंभर वर्षांची ही कमाई.

हा प्रश्न खेळाडूला विचारून उपयोग नाही. २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला मिळालेले २७ कोटी रुपये आपल्याला दिसतात, कारण ते दाखवले जातात. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणहक्कांचे ४८,३९० कोटी रुपये मंडळाकडे जातात, त्यांच्यावर टपरीवर कोणी बोलत नाही. हे मंडळ कोणाला जबाबदार आहे? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की घटनेच्या १२ व्या अनुच्छेदाच्या अर्थाने मंडळ 'राज्य' नाही. त्याची कामे सार्वजनिक स्वरूपाची असल्याने उच्च न्यायालयात दाद मागता येते, एवढी वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. तथापि मूलभूत हक्कांची बंधने शासनावर जशी येतात तशी मंडळावर येत नाहीत. संघाच्या नावात देश आहे, मात्र त्या देशाची घटना संघाच्या निवडीपाशी पुरती पोहोचत नाही.

दाद मागण्याची ती वाट कशी वापरता येते हे २०१६ च्या दुष्काळाने दाखवले. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. आमच्या जिल्ह्यात वस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जात होती, आणि टँकर आल्यावर दलित वस्तीचा क्रम कितवा लागतो हे खेड्यात राहिलेल्याला सांगावे लागत नाही. त्या वेळी मुंबई, पुणे, नागपूरच्या मैदानांवर आयपीएलसाठी पाणी मारले जाणार होते. जनहित याचिका झाली आणि १३ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला. कोणाचाही पुतळा न जाळता हे घडले. १९२० प्रमाणेच इथेही अन्याय नेमका सांगितला गेला, जबाबदार कोण ते ठरवले गेले आणि मागणी स्पष्ट होती.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्या मित्रांना सांगावेसे वाटते की, संघावर रागवा, पण रागाला दिशा द्या. खेळाडू किती घेतो हे विचारण्याआधी हे विचारा: तालुक्याला सार्वजनिक मैदान किती आहेत, आणि त्यांवर कोणाची मुले खेळतात? जिल्हा संघटनेची निवड कोण करते? आश्रमशाळेतल्या आणि वसतिगृहातल्या मुलाला चाचणीची तारीख कळते का? ऊसतोडीवर गेलेल्या मुलासाठी ती पुन्हा घेतली जाते का? हे प्रश्न लेखी विचारा, उत्तर मागा, न मिळाल्यास पुन्हा विचारा. विठ्ठल आणि शिवराम पालवणकरांनी १९२० साली विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला तीन वर्षे लागली. आपला प्रश्न त्याहून मोठा आहे. त्याला अधिक काळ लागेल हे गृहीत धरूनच तो विचारायला सुरुवात केली पाहिजे.