काँक्रीटमधील पोलादाची गंजरोधकता चाचणी

काँक्रीटमधील पोलादाची गंजरोधकता चाचणी म्हणजे सलोह काँक्रीटच्या बांधकामात वापरलेल्या पोलादी सळया, तारा व केबल किती काळ आणि कोणत्या परिस्थितीत न गंजता टिकतील, तसेच उभ्या बांधकामातील सळया गंजू लागल्या आहेत काय, हे ठरविण्याच्या पद्धतींचा समूह होय. सलोह काँक्रीटला बोलीभाषेत आरसीसी म्हणतात. काही चाचण्या प्रयोगशाळेत नव्या सळईवर किंवा काँक्रीटच्या नमुन्यावर, तर काही प्रत्यक्ष इमारत, पूल वा जलकुंभावर केल्या जातात. गंजरोधकता हा एकट्या सळईचा गुण नसून सळई, तिच्याभोवतीचे काँक्रीट आणि त्या जागेचे हवामान या तिघांचा संयुक्त परिणाम असतो. म्हणून कोणत्याही एका चाचणीवरून अंतिम निर्णय दिला जात नाही.

== सळई का गंजते ==

ताज्या, चांगल्या काँक्रीटच्या छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा पीएच साधारण १२.५ ते १३ असतो. अशा माध्यमात पोलादाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर तयार होतो. यास निष्क्रिय थर म्हणतात. हा थर शाबूत असेपर्यंत गंजण्याची गती नगण्य राहते.

हा थर मुख्यतः दोन कारणांनी नष्ट होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून त्यातील चुन्याशी संयोग पावतो व पीएच ९ च्या खाली उतरतो. यास कार्बनीकरण म्हणतात. दुसरे कारण क्लोराइड. खारे वारे, खारे पाणी किंवा न धुतलेली खाडीची रेती यांतून आलेले क्लोराइड काँक्रीट अल्कधर्मी असतानाही निष्क्रिय थराला ठिकठिकाणी भेदते. कार्बनीकरणाने सळई बहुधा सर्वत्र सारखी गंजते. क्लोराइडमुळे तिला खोल खळगे पडतात आणि थोड्या जागेत तिचा छेद बराच कमी होतो.

थर नष्ट झाल्यावर सळईचा काही भाग धनाग्र व काही भाग ऋणाग्र बनतो. धनाग्रावर लोह विरघळते, ऋणाग्रावर ऑक्सिजन व पाणी खर्ची पडते. तयार होणाऱ्या गंजाचे आकारमान मूळ लोहाच्या सुमारे दोन ते सहा पट असते. आतून पडलेल्या या दाबामुळे काँक्रीटला सळईच्या दिशेने तडे जातात व पुढे आच्छादनाचे पापुद्रे सुटतात. तडा दिसू लागतो तेव्हा गंजण्याची क्रिया बरीच पुढे गेलेली असते. तड्यापूर्वीच धोका ओळखता यावा, हा या चाचण्यांचा मुख्य हेतू आहे.

== प्रयोगशाळेतील चाचण्या ==

मिठाच्या फवाऱ्याची चाचणी : बंद कक्षात ३५ अंश सेल्सियस तापमानाला ५ टक्के मिठाच्या द्रावणाचा सूक्ष्म फवारा सळईवर अखंड सोडतात. लेपांची आपापसांत तुलना करण्यास ती सोयीची आहे. परंतु यात सळई काँक्रीटमध्ये नसते, त्यामुळे या चाचणीतील तासांवरून इमारतीचे आयुष्य काढता येत नाही.

ध्रुवीकरणाची चाचणी : सळईचा तुकडा काँक्रीटच्या छिद्रजलासारख्या अल्कधर्मी द्रावणात ठेवून त्याचे विभव हळूहळू बदलतात व वाहणारा प्रवाह मोजतात. क्लोराइडचे प्रमाण वाढवीत गेल्यास निष्क्रिय थर कोणत्या मर्यादेला फुटतो, ते कळते.

काँक्रीटच्या ठोकळ्यातील चाचणी : ठोकळ्यात वर एक व खाली दोन सळया बसवून त्या १०० ओहमच्या रोधाने जोडतात. ठोकळ्याच्या माथ्यावर दोन आठवडे मिठाचे पाणी साठवितात, नंतर दोन आठवडे तो कोरडा ठेवतात. वरची सळई गंजू लागली की रोधातून प्रवाह वाहतो. ही चाचणी अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. मात्र तिचे उत्तर वास्तवाच्या अधिक जवळचे असते.

क्लोराइड प्रवेशाची जलद चाचणी : १०० मिलिमीटर व्यासाच्या व ५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या चकतीवर ६ तास ६० व्होल्टचे विभवांतर लावतात. एकूण विद्युतप्रभार ४,००० कूलोमपेक्षा अधिक भरल्यास क्लोराइड शिरण्याची शक्यता जास्त आणि १,००० पेक्षा कमी भरल्यास ती अत्यल्प समजतात. ही परीक्षा सळईची नसून तिच्या संरक्षकाची, म्हणजे काँक्रीटची आहे.

== उभ्या बांधकामावरील चाचण्या ==

हातोडीची तपासणी : पृष्ठभागावर हलकेच ठोकले असता बद्द, पोकळ आवाज आल्यास आच्छादन सुटल्याची शंका घेतात.

आच्छादनमापन : चुंबकीय उपकरणाने सळईची जागा व तिच्यावरील काँक्रीटची जाडी मोजतात.

कार्बनीकरणाची खोली : नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडतात. अल्कधर्मी भाग गडद गुलाबी होतो, कार्बनीकरण झालेला भाग रंगहीन राहतो. परिस्थिती सारखी राहिल्यास ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ, ४ वर्षांत १० मिलिमीटर खोली झाली असल्यास २० मिलिमीटरसाठी १६ वर्षे आणि ४० मिलिमीटरसाठी ६४ वर्षे लागतील. म्हणजे आच्छादन दुप्पट केल्यास संरक्षणाचा काळ चौपट होतो.

अर्धघट विभव चाचणी : व्होल्टमापकाचे एक टोक उघड्या केलेल्या सळईला व दुसरे काँक्रीटवर टेकविलेल्या तांबे–मोरचूद विद्युतअग्राला जोडतात. पृष्ठभागावर चौकटी आखून प्रत्येक बिंदूवरील विभव नोंदवितात. वाचन उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असल्यास सळई न गंजण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, उणे ३५० पेक्षा अधिक ऋण असल्यास गंजण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. मधले वाचन अनिश्चित समजले जाते. ही चाचणी शक्यता सांगते, गती सांगत नाही.

रोधकता चाचणी : एका रेषेतील चार अग्रे काँक्रीटवर टेकवून बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात व आतील दोहोंमधील विभवांतर मोजतात. रोधकता २० किलोओहम-सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास गंजण्याची गती मंद, तर ५ पेक्षा कमी असल्यास ती अतिशय जास्त असण्याचा संभव असतो.

रेषीय ध्रुवीकरण रोध : सळईच्या विभवात अगदी थोडा बदल करून प्रवाहातील फरक मोजतात व त्यावरून गंजण्याची गती काढतात. दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोअँपिअर प्रवाह म्हणजे वर्षाला सुमारे ११.६ मायक्रोमीटर जाडीचे पोलाद नष्ट होणे. या गतीने १२ मिलिमीटर व्यासाच्या सळईचा छेद दहा वर्षांत सुमारे ४ टक्क्यांनी घटतो. ही घट लहान वाटली, तरी तितक्या गंजाने आच्छादन त्याच्या कितीतरी आधी तडकू शकते.

== भारतीय मानके ==

आय.एस. ४५६ : २००० या संहितेनुसार सलोह काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण दर घनमीटरला ०.६ किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. पूर्वप्रतिबलित काँक्रीटसाठी ही मर्यादा ०.४ किलोग्रॅम आहे. सलोह काँक्रीट कालविण्याच्या पाण्यात क्लोराइड दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. परिस्थितीची तीव्रता सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र व आत्यंतिक अशा पाच वर्गांत विभागून आच्छादन अनुक्रमे २०, ३०, ४५, ५० व ७५ मिलिमीटर सांगितले आहे. आय.एस. १७८६ हे मानक उंचवट्यांच्या उच्च ताकदीच्या सळयांसाठी, तर आय.एस. १३६२० हे इपॉक्सी लेपाच्या सळयांसाठी आहे. सळईच्या ताकदीचा दाखला म्हणजे तिच्या गंजरोधकतेचा दाखला नव्हे, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे लागते.

== महाराष्ट्र व गोव्यातील अनुभव ==

पणजी येथे १९७० मध्ये खुला झालेला मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पूर्वप्रतिबलित पोलादाचे गंजणे हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. वाशी येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या ठाणे खाडी पुलाच्या केबलही गंजल्या व त्याच्या मजबुतीकरणाचे काम करावे लागले. हे दोन्ही पूल खाऱ्या हवेत व खाऱ्या पाण्यावर उभारलेले होते. पूर्वप्रतिबलित केबलवर सतत मोठा ताण असतो आणि ती नळीत बंद असते; त्यामुळे बाहेर खूण न दिसता ती कमकुवत होऊ शकते.

== शहापूर व मुरबाड ==

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके समुद्रकिनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. तेथे खाऱ्या वाऱ्याचा प्रभाव कमी असल्याने गंजाचा धोका नाही, असा समज होण्याचा संभव असतो. परंतु जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस आणि उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडी हवा, असे येथील ऋतुमान आहे. कोरड्या काळात छिद्रे अंशतः रिकामी असल्याने कार्बन डायऑक्साइड आत शिरतो. पावसाळ्यात ओलावा शिरून गंजण्यास लागणारे पाणी मिळते. आळीपाळीने ओल्या व कोरड्या होणाऱ्या तसेच जोरदार पावसाला उघड्या असलेल्या काँक्रीटची गणना आय.एस. ४५६ ‘तीव्र’ वर्गात करते. त्यानुसार गावातील उघडा जलकुंभ, शाळेचा सज्जा, भातसा किंवा काळू नदीवरील पुलाचे खांब यांना किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट व ४५ मिलिमीटर आच्छादन लागू होते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी एखाद्या कारखान्यात क्षारक वा आम्लधर्मी वाफा निघत असतील, तर तेथे ‘अतितीव्र’ वर्ग धरावा लागतो.

क्लोराइडचा प्रश्नही येथे पूर्णपणे टळत नाही. ठाणे जिल्ह्यात बांधकामासाठी खाडीची रेती दीर्घकाळ वापरली गेली. अशी रेती गोड्या पाण्याने नीट धुतली नसेल, तर क्लोराइड वाऱ्यातून येण्याची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून काँक्रीटमध्येच असते. रेती धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर पांढरा साका बसला, तर क्लोराइड असल्याचे कळते. त्याचे नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच काढावे लागते.

तुलनेसाठी शहापूर तालुक्यातील तानसा धरणाकडे पाहता येते. १८९२ मध्ये पूर्ण झालेले हे धरण दगडी बांधकामाचे आहे. त्याचा भार दगडाच्या वजनावर पेलला जातो, काँक्रीटमधील सळयांवर नाही. म्हणून येथे वर्णिलेला प्रश्न त्याला लागू होत नाही. सलोह काँक्रीटने पातळ व लांब बांधकाम शक्य केले, त्याबरोबर आतील पोलादाची काळजी घेण्याची जबाबदारीही आली.

== मर्यादा व निष्कर्षांचे वाचन ==

विद्युत चाचण्यांवर ओलाव्याचा मोठा परिणाम होतो. पाण्याने पूर्ण भरलेल्या काँक्रीटमध्ये ऑक्सिजन पोहोचत नाही. तेथे विभव फार ऋण येते, पण सळई गंजत असतेच असे नाही. उलट मे महिन्यात वाळलेल्या काँक्रीटवरील वाचन फसवे दिलासादायक ठरू शकते. म्हणून एकाच बांधकामाची ऑगस्ट व मे मधील वाचने सरसकट तुलनेस घेत नाहीत. ऋतू, पाऊस व पृष्ठभाग भिजविल्याची नोंद अहवालात करतात. इपॉक्सी लेप असलेल्या सळयांना अर्धघट विभवाचे वरील निकष लागू पडत नाहीत.

व्यवहारात आच्छादनाची जाडी, कार्बनीकरणाची खोली, क्लोराइडचे प्रमाण, विभव व रोधकता ही सर्व माहिती एकत्र वाचतात आणि संशयित जागी थोडे काँक्रीट फोडून सळई प्रत्यक्ष पाहतात. कार्बनीकरण सळईपर्यंत पोहोचले नसेल व क्लोराइड मर्यादेत असेल, तर पाण्याची गळती थांबविणे व पृष्ठभागाला संरक्षक लेप देणे बहुधा पुरते. सळई गंजू लागली असल्यास सैल काँक्रीट काढून, सळई स्वच्छ करून, गरजेप्रमाणे नवी सळई जोडून आच्छादन पुन्हा घालावे लागते. गंजलेल्या सळईवर नुसते प्लास्टर चढविल्याने तडा झाकला जातो, आतील क्रिया थांबत नाही.