बाण वाकतो म्हणूनच सरळ जातो

संस्कृतात 'शर' म्हणजे बाण आणि 'शर' म्हणजेच बोरूसारखे एक गवत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही वेळूचे बाण, शराचे बाण आणि लोखंडी नाराच वेगवेगळे सांगितले आहेत. बाणाची काठी कशाची असावी, हा विचार असा फार जुना आहे. पण एका धनुष्याला एकच काठी का मानवते आणि दुसरी का मानवत नाही, हे उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले. ते उलगडले अमेरिकेत, आणि बऱ्याच अंशी हौशी तिरंदाजांच्या खटपटीमुळे.

ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीचा एक एकटा माणूस आढळला. त्याची जमात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत आणि उपासमारीत नाहीशी झाली होती. स्वतःचे नाव सांगणे त्याच्या रीतीत बसत नव्हते, म्हणून अभ्यासकांनी त्याला 'इशी', म्हणजे त्याच्या भाषेत 'माणूस', म्हणायला सुरुवात केली. सॅक्स्टन पोप हे शल्यविशारद त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. हेझेलच्या फांद्या वाळवायच्या, निखाऱ्यावर शेकून सरळ करायच्या, हे इशीचे काम त्यांनी बारकाईने टिपून ठेवले. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. पोप यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक १९२३ मध्ये आले आणि अमेरिकेत या छंदाला नवी पालवी फुटली.

या मंडळींपुढे एक जुनेच कोडे होते. साध्या धनुष्यात बाण मुठीच्या एका बाजूला टेकलेला असतो. दोरी मात्र सुटल्यावर मुठीच्या मध्याकडे धावते. दोरी जसजशी पुढे येते तसतसे बाणाचे तोंड बाजूला वळायला हवे, आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा प्रत्येक बाण डावीकडे जायला हवा. प्रत्यक्षात चांगला बाण नेमका लक्ष्यावर जातो. हे कसे?

उत्तर मिळाले ते अतिवेगवान छायाचित्रणाने. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात सुटत्या बाणाची चित्रे घेतली. त्यांत बाण चक्क सापासारखा वळवळताना दिसला! दोरी मागून रेटते, टोक जडत्वामुळे मागे राहू पाहते आणि मधली काठी वाकते. मग ती उलट बाजूला वाकते, मुठीला वळसा घालते आणि शेपूट मुठीला न घासता निघून जाते. या वाकण्याची लय धनुष्याच्या जोराशी जुळली पाहिजे. काठी फार ताठ असेल तर बाण डावीकडे जातो, फार लवचिक असेल तर उजवीकडे.

यातून ताठरपणा मोजण्याची सोपी रीत रूढ झाली. काठी २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायची, मध्यभागी ८८० ग्रॅमचे वजन टांगायचे आणि ती किती वाकते ते पाहायचे. अर्धा इंच, म्हणजे ५०० सहस्रांश इंच वाकली तर तिचा अंक ५००. अंक जितका लहान तितकी काठी ताठ. जेम्स ईस्टन यांनी १९३९ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या नळीचे बाण करायला घेतले आणि डझनभर बाण सारख्याच ताठरपणाचे मिळणे शक्य झाले. लाकडात ही एकसारखी प्रत साधणे महाकठीण. कार्बन तंतूंच्या काठ्या पुढे १९८० च्या दशकात आल्या.

दरम्यान धनुष्यच बदलले. मिसुरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६९ मध्ये मिळाले. हेच कंपाउंड धनुष्य. याच्या टोकांना विकेंद्री कप्प्या असतात. दोरी ओढताना मधल्या टप्प्यात पूर्ण जोर लावावा लागतो, शेवटी मात्र भार एकदम हलका होतो. नेम धरायला उसंत मिळते आणि साठलेली ऊर्जाही जास्त असते. मूठ मध्यापर्यंत कापलेली असल्याने बाण जवळजवळ मध्यातूनच जातो, आणि बोटांऐवजी यांत्रिक चापाने दोरी सोडता येते.

मग ताठरपणाची कटकट संपली का? नाही. लांब बारीक काठीला मागून रेटले की ती वाकणारच; ऑयलरने अठराव्या शतकात हेच गणित मांडले होते. म्हणून धनुष्याचा जोर, काठीची लांबी आणि टोकाचे वजन ही तिन्ही एकत्र पाहावी लागतात. काठी लांब किंवा टोक जड असेल, तर तीच काठी अधिक लवचिक असल्यासारखी वागते. जोरदार धनुष्यावर फारच लवचिक किंवा तडा गेलेली काठी चढवली तर ती सुटतानाच मोडून हातात घुसू शकते.

दुसरा प्रश्न वजनाचा. पॉल क्लॉप्स्टेग या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले की धनुष्याची ऊर्जा बाणाला आणि धनुष्याच्या हलत्या भागांना वाटून जाते; हे भाग म्हणजे जणू बाणाला चिकटलेले एक ठरावीक जादा वस्तुमान. समजा ऊर्जा १०० ज्यूल आणि जादा वस्तुमान ८ ग्रॅम आहे. २० ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ८४ मीटर वेगाने सुटेल. त्याच्या वाट्याला ७१ ज्यूल येतील. ३० ग्रॅमचा बाण ७३ मीटर वेगाने जाईल, पण ७९ ज्यूल घेऊन! संवेग तर जवळपास तीस टक्के जास्त. हलक्या बाणाचा मार्ग सपाट, म्हणून अंतराचा अंदाज चुकला तरी नेम फारसा चुकत नाही. जड बाण खोल शिरतो. शिवाय फार हलका बाण लावला तर उरलेली ऊर्जा धनुष्यालाच हादरे देते.

शिकारीत हा हिशेब निव्वळ कागदी राहत नाही. शिकारी बाणाचे रुंद धारदार पाते उडताना पुढच्या पंखासारखे वागते आणि वेड्यावाकड्या उड्डाणाचा दोष वाढवते. तिरका लागलेला बाण हरणाला मारत नाही, जखमी करून सोडतो, आणि ते जनावर कुठेतरी झुडपात तडफडत राहते. हलका बाण केवळ वेगाच्या जाहिरातीला भुलून घेणे आम्हाला म्हणूनच पटत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांनी शिकारीच्या धनुष्याचा किमान जोर कायद्यानेच ठरवून दिला आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाच बंदी आहे. येथे हे सारे ज्ञान उपयोगी पडते ते तिरंदाजीच्या मैदानावर.

वर्गात मात्र याची चाचणी धनुष्याशिवायही घेता येईल. खराट्याच्या सारख्या लांबीच्या दहा काड्या घ्या. प्रत्येक काडी दोन पुस्तकांच्या कडांवर टेकवून मध्यभागी एकच ठरावीक वजन दोऱ्याने टांगा आणि वाकणे मिलिमीटरमध्ये मोजा. दिसायला सारख्या काड्यांत केवढा फरक निघतो ते मुलांना पाहू द्या. मग पुस्तके निम्म्या अंतरावर आणून वाकणे किती पटीने घटते, हे त्यांना आधी ओळखायला सांगा.