लाकूड कुजतं, म्हणून परंपरा नवी ठरत नाही

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं: ‘मध्य भारतातील आदिवासींची दगडी स्मारके प्राचीन असून कोरीव लाकडी स्मारकस्तंभ तुलनेने अलीकडचे आहेत.’ कारण सोपं होतं. शंभर वर्षांपेक्षा जुना लाकडी स्तंभ मला कुठेच सापडला नव्हता. मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने एवढंच विचारलं: ‘लाकूड किती वर्षं टिकतं?’

एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात करूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता. आज त्याच चुकीबद्दल लिहितो, कारण तुमच्यापैकी अनेक जण पेटची तयारी करताय आणि विषय शोधताय. ही चूक कोणत्याही विषयात होऊ शकते.

आधी विषय समजून घेऊ. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याच्या पूर्वेला इंद्रावती, आणि पलीकडे बस्तर. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तिन्ही नद्या भेटतात. आपल्यासाठी ती राज्याची हद्द, पण माडिया लोक दोन्ही काठांवर राहतात. माणूस गेला की त्याचं नातं संपत नाही, तो पूर्वजांत सामील होतो आणि कुळाचं बरंवाईट पाहतो, अशी त्यांची धारणा. त्याच्या नावाने गावाबाहेर उभी शिळा रोवतात. भामरागड-एटापल्ली भागात अशा शिळांच्या रांगा दिसतात.

बस्तरच्या बाजूला या शिळेला ‘उरसकल’ म्हटल्याची नोंद आहे. ‘कल’ म्हणजे दगड. त्याच्याच जोडीला तिथे ‘उरसगट्टा’ आहे, म्हणजे कोरीव लाकडी स्तंभ. त्यावर हरणं, मोर, वाघ, घोडे, ढोल घेऊन नाचणारी माणसं कोरलेली असतात. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचं बस्तरच्या माडियांवरचं पुस्तक १९३८ चं. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरच्या अंत्यविधींवर १९४५ मध्ये लिहिलं आणि १९५१ च्या आदिवासी कलेवरच्या पुस्तकात या कोरीवकामाची दखल घेतली. म्हणजे आपल्याकडचा लेखी पुरावा जेमतेम शतकभराचा.

महाराष्ट्रातच दुसरं उदाहरण आहे, मेळघाटातल्या कोरकूंचं. त्यांच्यात मृत्यूनंतर, कधी कधी बऱ्याच वर्षांनी, ‘सिडोली’ नावाचा विधी होतो आणि मृत व्यक्ती पूर्वजांत मिसळते. त्यासाठी सागाची कोरीव फळी रोवतात, तिला ‘मुंडा’ म्हणतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात या विधीचं वर्णन आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा, तर कोरकू मुंडा कुळातली. भाषेने इतके लांबचे दोन समाज, पण दोघेही मृतासाठी लाकूड कोरून उभं करतात. हे एकमेकांकडून घेतलं की स्वतंत्रपणे आलं, हा एक आख्खा पीएच.डी.चा विषय आहे!

आता माझी चूक. दगडाच्या बाजूला पुरावा भरपूर दिसतो. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथली उत्खननं, चंद्रपूर जिल्ह्यातल्या हिरापूरची शिलास्मारकं. विदर्भातली ही महापाषाणी संस्कृती साधारणपणे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली. (ती माणसं आजच्या गोंडांचे थेट पूर्वज होती, असं यावरून म्हणता येत नाही. ती रेघ ओढायचा मोह टाळा.) दगड दोन हजार वर्षं उभा राहिला म्हणून आपल्याला दिसला. त्याच्या शेजारी लाकडी खांब असेल, तर तो कुठे दिसणार?

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत लाकडाच्या टिकाऊपणाची एक चाचणी करतात. लाकडाचे तुकडे उघड्या जमिनीत ओळीने पुरायचे आणि वाळवी, बुरशी त्यांना किती दिवसांत खाते ते पाहायचं. तिचं प्रचलित नाव योगायोगाने ‘कब्रस्तान चाचणी’ असं आहे. त्या वर्गीकरणात सरासरी १२० महिने टिकलेलं लाकूड पहिल्या, म्हणजे सर्वांत टिकाऊ वर्गात जातं. म्हणजे दहा वर्षं! चाचणीचे तुकडे बारीक असतात. सागाच्या गाभ्याचा जाड खांब त्याहून खूप जास्त टिकेल. पण पावसाळ्यात जमिनीलगत ओल, वर उधई. काही पिढ्यांत खांब मोडणारच. शंभर वर्षांपूर्वीचा खांब न सापडणं हा लाकडाचा गुणधर्म झाला. त्यावरून परंपरेचं वय काढता येत नाही.

मग लाकडाचा इतिहास शोधायचा कसा? तीन वाटा आहेत, आणि तिन्हींना मर्यादा आहेत.

पहिली, खांबांचे खड्डे. लाकूड कुजलं तरी खड्ड्यातल्या मातीचा रंग आणि पोत वेगळा राहतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगीन घरांचे आराखडे अशा खड्ड्यांवरून ओळखता आले. महापाषाणी स्थळांवर शिळेभोवतीची माती याच नजरेने तपासायला हवी. पण खड्डा खांबावरचं कोरीवकाम सांगत नाही.

दुसरी, वाढीची वलयं. सागात ती स्पष्ट दिसतात. पण खांब तासताना सालीजवळचं पांढुरकं लाकूड काढून टाकलं असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळत नाही. ‘या वर्षानंतर कधीतरी’ एवढंच म्हणता येतं.

तिसरी, रेडिओकार्बन. पण साधारण १६५० ते १९५० या काळात त्याचा आलेख इतका वरखाली होतो की एकाच मोजणीतून अनेक शक्य तारखा निघतात. नेमका आपल्याला हवा तोच काळ धूसर!

आणि वलयांसाठी असो वा कार्बनसाठी, नमुना घ्यायला खांबाला भोक पाडावं लागतं. प्रयोगशाळेच्या अर्जात तो ‘लाकडाचा नमुना’ असतो. त्या घरासाठी तो कोणाचा तरी बाप किंवा आजी आहे.

मग खांब उचलून संग्रहालयात ठेवले तर? इथे आफ्रिकेचं उदाहरण उपयोगी पडतं. केनियाच्या किनारी भागातले मिजिकेंडा लोक मान्यवर मृतांसाठी कोरीव लाकडी स्तंभ उभारतात. एक असेल तर किगांगो, अनेक असतील तर विगांगो. ते हलवायचे नसतात, जागच्या जागी कुजू द्यायचे असतात. तरीही शेकडो विगांगो चोरीला जाऊन अमेरिकेतल्या संग्रहांत पोहोचले. मानववंशशास्त्रज्ञ मोनिका उद्वर्डी यांनी १९८५ मध्ये एका वृद्धाचा, त्याच्या भावांसाठी उभारलेल्या दोन विगांगोंसमोर फोटो काढला. फोटो द्यायला त्या परत गेल्या, तोवर दोन्ही चोरीला गेले होते. १९९९ मध्ये एका परिषदेत लिंडा जाइल्स यांनी दाखवलेल्या स्लाइडमध्ये त्यांना त्यातला एक ओळखू आला. पुढे दुसराही सापडला आणि २००७ मध्ये ते त्या कुटुंबाकडे परतले. एका फोटोमुळे हे झालं.

आपल्याकडे कायद्याचीही अडचण आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात कोरीव वस्तू किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते. जो स्तंभ शंभरी गाठण्याआधीच मातीत जातो, त्याला हा कायदा कधीच लागू होणार नाही. म्हणून नोंद महत्त्वाची: फोटो, मापं, कोणत्या झाडाचं लाकूड, कोणी कोरलं, कोणासाठी, कोणत्या विधीत. हे सगळं घरच्यांच्या परवानगीने, आणि एक प्रत त्यांच्याकडे. नेमकं ठिकाण मात्र नकाशासह छापू नका. संशोधकाला जी माहिती उपयोगी, तीच चोरालाही.

मी माझ्या आराखड्यातून भोक पाडून नमुने घेण्याचा भाग काढून टाकला. त्यामुळे वयाचा ठोस आकडा माझ्या प्रबंधात येणार नाही, आणि व्हायव्हाला हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: ‘लाकडी स्मारकस्तंभांचे मला सापडलेले लेखी पुरावे विसाव्या शतकातील आहेत, परंपरेचे वय या पुराव्यांवरून ठरवता येत नाही.’ आधीच्या वाक्यासारखा रुबाब त्यात नाही, पण ते खरं आहे.

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही ‘पुरावा आढळत नाही’ असं वाक्य असेल. सबमिट करण्याआधी त्याच्या समासात पेन्सिलीने लिहा: असता, तर टिकला असता का?