वॉन्टेजमधील एक सवाल

आमच्या पनवेलजवळच्या कोनमधून एखादी मुलगी परदेशी शिकावयास निघाली, की घरचे विचारतात, “तिकडचीच होऊन जाणार नाहीस ना?” असे कोणी विचारले की मला पंडिता रमाबाई आठवतात.

वैद्यक शिकण्याच्या इच्छेने १८८३ मध्ये त्या चिमुकल्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने तो बेत राहिला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वॉन्टेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींकडे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे गदारोळ उठला. धर्म सोडला म्हणजे देशही सोडला, असाच पुष्कळांचा समज! परंतु मठातही त्या शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेले पुडिंगदेखील त्यांना चालत नसे. क्रुसावर लॅटिनच अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. धर्मभगिनींना त्यात गर्व दिसला. मला तो सवाल रास्त वाटतो.

याच रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध करून स्वदेशातील विधवांची दुर्दशा परक्यांपुढे मांडली. ते लिहिताना त्यांचा हात एकदाही अडखळला नसेल का? अमेरिकेत जमलेल्या मदतीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथे येणाऱ्या विधवांना आपापले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती.