राजधातूविरहित उत्प्रेरक (पाण्यापासून हायड्रोजन)

प्लॅटिनम, इरिडियम यांसारख्या राजधातूंवाचून पाण्याचे विद्युत् विच्छेदन सुकर करणारे पदार्थ. मुख्यतः निकेल, लोह, कोबाल्ट व मॉलिब्डेनम यांची संयुगे. महाग धातूला स्वस्त पर्याय, एवढीच त्यांची ओळख करून दिली जाते. ती अपुरी आहे, हे पानिपतवरून दिसते. तेथील इंडियन ऑइलच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला वर्षाला १०,००० टन हरित हायड्रोजन पुरवणारा प्रकल्प एल अँड टीच्या उपकंपनीने उभारून चालवायचा, असे २०२५ मध्ये ठरले. तेथे अल्कली विच्छेदक बसायचे आहेत आणि त्या पद्धतीत निकेलवर भागते. मग संशोधन कशासाठी? विजेसाठी. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात १.८ च्या आसपास लागतात. उत्प्रेरकाने त्यातला ०.१ व्होल्ट वाचवला, तर किलोमागे सुमारे २.६६ युनिट वाचतात. पानिपतच्या प्रमाणात वर्षाला २ कोटी ६६ लाख युनिट. धातूची किंमत यापुढे किरकोळ ठरते.

यावर आक्षेप असा, की सौर विजेच्या चढउतारांना आम्लधर्मी पटलाचे विच्छेदक अधिक चांगले जुळवून घेतात, आणि त्यांना इरिडियम लागतेच. ते खरे आहे. पण इरिडियमचे जागतिक उत्पादन वर्षाला जेमतेम सात-आठ टन, तेव्हा केवळ त्याच्या भरवशावर हा उद्योग वाढणार नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : प्रयोगशाळेतले विक्रम कारखान्यात टिकत नाहीत. निकेल हायड्रॉक्साइडची कीर्ती बरीचशी विद्रावातून नकळत आलेल्या लोहाची होती, हे २०१४ मध्ये ट्रोटोचॉड, बोएचर प्रभृतींनी दाखवले. ऋणाग्राच्या चाचणीत तर समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा असला, की त्याचे कण विरघळून नमुन्यावर बसतात आणि ‘राजधातूविरहित’ पदार्थ उसन्या प्लॅटिनमवर चमकतो; म्हणून तेथे ग्रॅफाइट वापरणे बरे. शिवाय चाचण्या बहुधा चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअरवर होतात, उद्योगात प्रवाह कित्येक पट असतो. जुने रॅने निकेल (निकेल-अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूतले अ‍ॅल्युमिनियम गरम कॉस्टिकने धुऊन उरलेला सच्छिद्र सांगाडा) अजून टिकून आहे ते उगाच नव्हे. मात्र संच बंद पडताच उलटा प्रवाह वाहतो आणि ऋणाग्रावरचे निकेल ऑक्सिडीभूत होते. सूर्यावर चालणाऱ्या संचात हे रोज घडू शकते, म्हणून नव्या उत्प्रेरकाची चाचणी अखंड तासांपेक्षा बंद-चालूच्या फेऱ्यांनी व्हायला हवी.