भाडं चालतं, माणूस चालत नाही

इतिहासात शिरण्याआधी परवाची एक गोष्ट सांगतो. रात्री जेवण मागवलं. डिलिव्हरीवाला तीन मजले चढून आला, घामाघूम. म्हणाला, "दादा, जरा पाणी मिळेल का?" ओट्यावर स्टीलचे चार स्वच्छ पेले पालथे होते. माझा हात मात्र कपाटातल्या कागदी कपाकडे गेला. ॲपवर मी त्याला टिप दिली, पाच स्टार दिले. तरी तो कप काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचा हा एपिसोड.

साल १९०१. सातारा जिल्ह्यातलं मसूर स्टेशन. संध्याकाळी चार पोरं गाडीतून उतरली. नवे शर्ट, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. त्यातला एक जेमतेम नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर. वडील दुष्काळी कामावर कॅशियर होते, त्यांच्याकडे सगळे निघाले होते. घ्यायला कोणी आलं नव्हतं. कपडे बघून स्टेशन मास्तरांना ही ब्राह्मणाची मुलं वाटली, त्यांना कळवळाही आला. मग विचारलं, तुम्ही कोण? भीमराव पटकन बोलून गेला, "महार." मास्तरांचा चेहराच बदलला.

आता बैलगाडीचा प्रश्न. बाहेर गाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी मास्तरांनीच तोडगा काढला: पोरांनी दुप्पट भाडं द्यायचं, गाडीही पोरांनीच हाकायची, आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. सोबत जेवणाचा डबा होता, पण वाटेत कोणी पाणी देईना. पोरं उपाशीच झोपली. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे सगळं लिहून ठेवलंय.

यातला हिशोब नीट बघा. पैशाला विटाळ नव्हता. विटाळ होता तो शेजारी बसण्याला.

आता थेट अमेरिका. अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर, साल १९४३. तिथे कारण जातीचं नाही, वर्णाचं. रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या, पुढच्या दाराशी भाडं भरलं. ड्रायव्हर म्हणाला, खाली उतरा आणि मागच्या दाराने चढा. त्या उतरल्या आणि बस निघून गेली. भाडं गेलं ते गेलंच. १२ वर्षांनी, १ डिसेंबर १९५५ ला, त्यांनी जागा सोडायला नकार दिला तेव्हाही ड्रायव्हर तोच होता. मग शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. पैसेच चालतात ना, मग पैसेच बंद!

मसूर आणि माँटगोमेरी एकच आहेत असं मी म्हणत नाहीये. माझा कागदी कप तर त्यांच्यापुढे किरकोळच. त्या मुलाची जात मला माहीतही नव्हती, फक्त कंपनीचा टी-शर्ट दिसला. पण पैसे देऊन झाले की आपण मोकळे, ही सवय तीच आहे.

काल दुसरा मुलगा आला. मीच पाणी विचारलं, पेल्यातून दिलं. त्याने पेला ओठांना न लावता वरून पाणी ओतून प्यायलं, आणि पेला काळजीने उंबऱ्यावर ठेवला. कदाचित त्याची सवयच असेल. कदाचित कुणीतरी शिकवली असेल. मी विचारलं नाही.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप कुठे ठेवलेला असतो? आज बघा. भेटू पुढच्या भागात.